भाकरी फुगावी, बॅटरी फुगू नये

(आमच्या गावच्या बायकांनी रेडिओवर केलेलं हे भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)

 

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या ग्रामसंघाच्या बायका. आमच्या ग्रामसंघात अकरा बचत गट आहेत. मागच्या वेळी याच कार्यक्रमात आम्ही शेवग्याच्या पानांच्या वड्यांवर बोललो होतो. आज विषय वेगळा आहे. आज लॅपटॉपच्या बॅटरीबद्दल बोलायचंय. काही जणी म्हणतील, आमच्याकडे कुठं लॅपटॉप? पण आता ग्रामसंघाच्या कार्यालयात असतो, बँक सखीकडे असतो, पोरांच्या शिक्षणासाठी घरात येतो. आणि आज जे सांगणार आहोत ते मोबाइलच्या बॅटरीलाही तसंच लागू आहे. मोबाइल तर प्रत्येकीच्या कमरेला आहे.

आमची चूक आधी सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही ग्रामसंघाच्या पैशातून लॅपटॉप घेतला. अडतीस हजार पाचशे रुपये मोजले. अकरा गटांची बचत, कर्जवाटप, व्याज, सगळा हिशेब त्याच्यात. हिशेब बघायला आमच्यातल्याच एका घरची सून आहे, बारावी शिकलेली. तिला आम्ही लेखापाल ताई म्हणतो.

यंदाच्या मे महिन्यात ती म्हणाली, "आक्का, लॅपटॉपचं झाकण नीट बसत नाही. बोट फिरवायची जी चौकोनी पट्टी असते ना, ती वर आलीय. दाबली तर दबत नाही." आम्ही बघितलं. खरंच, खालची बाजू टेबलावर सपाट बसत नव्हती, डुगडुगत होती. आमच्यातली एक म्हणाली, उन्हानं प्लॅस्टिक वाकलं असेल, वजन ठेवा, बसेल जागेवर. आम्ही त्याच्यावर गटांची सगळी रजिस्टरं रचली, वर लोखंडी ठोकळा ठेवला आणि कुलूप लावून घरी गेलो. दोन दिवस तो तसाच दाबून ठेवला होता.

मैत्रिणींनो, त्या दोन दिवसांत त्या खोलीला आग लागली नाही हे आमचं नशीब. ते प्लॅस्टिक वाकलं नव्हतं. आतली बॅटरी फुगली होती. आणि फुगलेली बॅटरी दाबणं ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

बॅटरी फुगते म्हणजे काय होतं

ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी आपल्याला माहीत आहे. तिच्यात ॲसिड असतं, काहींमध्ये वरून पाणी टाकावं लागतं. चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो, पण तो बाहेर जायला वर भोकं असतात. लॅपटॉपची आणि मोबाइलची बॅटरी वेगळी. तिला लिथियम-आयन म्हणतात. १९९१ साली सोनी कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली. ज्या तीन शास्त्रज्ञांनी ती घडवली त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हलकी आणि खूप ताकद साठवणारी म्हणून ती सगळीकडे गेली.

हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये तिची पुडी असते, चॉकलेटच्या चकचकीत कागदासारखी, पण जाड. त्या पुडीत दोन धातूंचे पातळ पत्रे असतात, एक तांब्याचा, एक ॲल्युमिनियमचा, त्यांच्यावर लेप दिलेला. दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अगदी तलम पडदा. आणि सगळं एका द्रवात भिजलेलं. तो द्रव पेट घेणारा असतो. पुडी चारी बाजूंनी बंद, हवा आत नाही, बाहेर नाही.

बॅटरी जुनी झाली, तापली, बनवतानाच तिच्यात दोष राहिला किंवा चुकीच्या चार्जरवर लावली, की आतला द्रव हळूहळू बिघडतो आणि त्याचा वायू होतो. दह्याची बंद पिशवी चार दिवस बाहेर राहिली तर कशी टम्म फुगते? तसंच. वायूला बाहेर जायला वाट नाही, म्हणून पुडी फुगते आणि लॅपटॉपचं अंग आतून वर ढकलते. वरची पट्टी वर येते, कळफलक फुगतो, झाकण बसत नाही.

आता त्यावर वजन ठेवलं, टोचलं, वाकवलं, तर मधला तलम पडदा फाटतो. दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटतात. आत ठिणगी पडल्यासारखं होतं, उष्णता वाढते, त्या उष्णतेने आणखी द्रव बिघडतो, आणखी उष्णता. मग ती बॅटरी धूर सोडते आणि पेटते. चुलीतला जाळ लाकूड काढलं की कमी होतो. हिचा होत नाही, कारण जळण तिच्या पोटातच आहे.

भाकरी फुगली की आपल्याला आनंद होतो. बॅटरी फुगली की समजायचं, तिचा जीव संपला. ती परत बसत नाही. वायू काढून ती दुरुस्त होत नाही. कोणी दुकानदार म्हणाला "हवा काढून देतो", तर तिथून उठून या.

कशावरून ओळखायचं

बॅटरी दिसत नाही, आत असते. म्हणून या खुणा लक्षात ठेवा.

लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवला तर डुगडुगतो. झाकण मिटल्यावर एका बाजूला फट राहते. बोट फिरवायची पट्टी वर येते किंवा दाबली जात नाही. खालच्या झाकणाचा सांधा उघडतो. नेलपॉलिशच्या बाटलीसारखा गोडसर उग्र वास येतो. बंद असतानाही एका जागी गरम लागतो. मोबाइलचं असेल तर मागचं झाकण उचललं जातं किंवा काच एका कडेला वर येते.

यातली एक जरी खूण दिसली तरी "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणायचं नाही.

लगेच काय करायचं

पहिलं, चार्जर भिंतीतून काढा. दुसरं, लॅपटॉप बंद करा आणि परत चालू करू नका. "एकदाच चालू करून हिशेब काढून घेते" असं आमच्या लेखापाल ताईलाही वाटलं होतं. तो मोह टाळा.

तिसरं, तो फरशीवर किंवा शहाबादी दगडावर ठेवा. आजूबाजूला कडबा, गोधड्या, कागद, गॅसची टाकी, रॉकेल काही नको. उन्हात नको, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. पोरांचा हात पोचणार नाही अशी जागा हवी. चौथं, दाबू नका, टोचू नका, स्क्रू काढून स्वतः उघडू नका.

आणि धूर यायला लागला, फुसफुस आवाज आला, तर लॅपटॉप वाचवायला जाऊ नका. आधी माणसं बाहेर काढा. तो धूर विषारी असतो, त्याच्यात श्वास घेऊ नका. मेन स्विच हाताशी असेल तर बंद करा. १०१ किंवा ११२ ला फोन करा. अडतीस हजारांचा लॅपटॉप परत घेता येतो. हात भाजला, डोळा गेला तर तो परत येत नाही.

हिशेब गेला का?

आमच्या बैठकीत सगळ्यात आधी हाच प्रश्न आला. अकरा गटांच्या बायकांचा जीव त्या हिशेबात अडकला होता. जूनमध्ये बियाणं-खतासाठी कर्ज वाटायचं होतं.

तर ऐका. हिशेब बॅटरीत नसतो. तो आतल्या दुसऱ्या भागात साठवलेला असतो, त्याला हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणतात. बॅटरी काढली म्हणून हिशेब पुसला जात नाही, जसा घरातला बल्ब गेला म्हणून कपाटातला दागिना जात नाही. जाणकाराने फुगलेली बॅटरी काढल्यावर बरेचसे लॅपटॉप नुसत्या चार्जरवरही चालतात.

पण आग लागली असती तर सगळंच गेलं असतं. आमच्याकडे शेवटची प्रत फेब्रुवारीची होती. तीन महिने कोणी पेनड्राइव्हवर प्रत काढलेली नव्हती. ही चूक लेखापाल ताईची नव्हे, आमच्या सगळ्यांची. प्रत काढली का, असं बैठकीत आम्ही तिला एकदाही विचारलं नव्हतं.

दोष कोणाचा?

हे सांगायला जड जातं, पण सांगतो. त्या बैठकीत काही बायका बोलल्या, "ती दिवसभर चार्जर लावून ठेवायची, म्हणून फुगली. तिनंच भरून द्यावेत पैसे." नव्या बॅटरीचे चार हजार आठशे रुपये लागतील असं तालुक्याच्या दुकानदाराने सांगितलं होतं. तिचं महिन्याचं मानधनही तेवढं नाही. ती पोरगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई कार्यालयाच्या किल्ल्या परत द्यायला आल्या.

तेव्हा आम्हाला भान आलं. आम्ही आधी नीट माहिती घ्यायचं ठरवलं, आणि जे कळलं ते असं.

चार्जर लावून ठेवला म्हणजे हंडा भरून वाहतो तशी वीज आत वाहत राहत नाही. लॅपटॉपमध्ये असा भाग असतो की बॅटरी भरली की तो वीज थांबवतो. मात्र बॅटरी कायम पूर्ण भरलेली आणि त्यात गरम राहिली तर ती लवकर झिजते, हे खरं आहे. आमचं कार्यालय पत्र्याचं. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत पाय ठेववत नाही. पत्र्याखाली लॅपटॉप ठेवायचा निर्णय तिचा नव्हता. आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून चार्जर लावून ठेव, असं आम्हीच तिला सांगितलं होतं.

शिवाय बनवणाऱ्याकडूनही चूक होते. २००६ साली डेल या मोठ्या कंपनीने सोनीच्या सेलच्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, कारण त्या तापून पेटण्याचा धोका होता. २०१९ साली ॲपलनेही २०१५ ते २०१७ दरम्यान विकलेल्या काही पंधरा इंची लॅपटॉपच्या बॅटऱ्या फुकट बदलून दिल्या. त्या लाखो गिऱ्हाइकांनी काय चूक केली होती? नऊ महिन्यांत फुगलेल्या बॅटरीबद्दल पहिला प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा, वापरणाऱ्या पोरीला नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो, किल्ल्या परत दिल्या आणि चुकलं म्हणालो.

बदलून कशी मिळवली

आता कामाचा भाग. वही-पेन असेल तर घ्या.

आमच्या हातात दोन गोष्टी होत्या म्हणून आम्ही जिंकलो. एक, जीएसटीचं पक्कं बिल. दोन, वॉरंटी कार्ड. बिलावर तारीख होती, आणि लॅपटॉपच्या खालच्या बाजूला जो सिरीयल नंबर असतो तोच बिलावरही होता.

आधी आम्ही ज्या दुकानातून घेतला तिथं गेलो. लॅपटॉप नेला नाही, फोटो नेले. दुकानदार म्हणाला, "बॅटरी वॉरंटीत येत नाही, बाई." आम्ही गप परत आलो. एका दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं. घरी येऊन लेखापाल ताईने वॉरंटी कार्ड शब्द न् शब्द वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, बॅटरीला एक वर्ष. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून आपलं कार्ड आपणच वाचायचं.

मग कार्डावरच्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी सांगितलं, फुगलेली बॅटरी टपालाने किंवा पार्सलने पाठवू नका, जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरवर स्वतः आणा. आम्ही एका पत्र्याच्या पेटीत खाली कोरडी वाळू पसरली, लॅपटॉप तिच्यावर ठेवला, झाकणाला कडी लावली नाही, कारण वायू कोंडायला नको. भरलेल्या एसटीत न नेता गावातल्या पिकअपच्या मागच्या उघड्या भागात पेटी ठेवली.

सर्व्हिस सेंटरवरचा मुलगा म्हणाला, "तुम्ही यावर वजन ठेवलेलं दिसतंय. हे गिऱ्हाइकाच्या हातून झालेलं नुकसान. पैसे लागतील." आम्ही खोटं बोललो नाही. म्हणालो, "वजन ठेवलं, पण फुगल्यावर ठेवलं. फुगली म्हणून ठेवलं. वजन ठेवायच्या आधीचा फोटो हा बघा, तारखेसकट." तो फोटो लेखापाल ताईने पहिल्याच दिवशी मोबाइलवर काढून ठेवला होता. तिच्यावर आम्ही आळ घेतला, आणि तिच्याच फोटोने आमची बाजू राखली.

तरी तो ऐकेना. तेव्हा आमच्या आक्का म्हणाल्या, "ठीक आहे दादा, नाही म्हणताय ते कागदावर लिहून द्या. कारणासकट." मैत्रिणींनो, हे वाक्य पाठ करा. तोंडी "नाही" म्हणणारे खूप असतात, लिहून देणारे थोडे. त्याने लिहून दिलं नाही, पण लॅपटॉप जमा करून घेतला आणि जॉबशीट दिली. जॉबशीट म्हणजे जमा पावती. तिच्यावर तारीख, सिरीयल नंबर, तक्रार आणि वस्तूची अवस्था लिहिलेली हवी. ती वाचल्याशिवाय सही करू नका. आमच्या जॉबशीटवर "बॅटरी फुगलेली" याच्या जागी "चालू होत नाही" एवढंच लिहिलं होतं. ते आम्ही बदलून घेतलं.

आठवडा गेला, उत्तर नाही. मग आम्ही १९१५ हा नंबर लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ते आपली तक्रार नोंदवतात, तिचा नंबर देतात आणि कंपनीकडे पाठवतात. त्यांना हे लागतं: वस्तू कोणती, कधी घेतली, किती रुपयांना, बिल नंबर, काय बिघडलं, कोणाकडे गेलो, त्यांनी काय सांगितलं, आणि आपल्याला काय हवं. शेवटचं नीट सांगा. "काहीतरी करा" असं म्हणू नका. "वॉरंटीत बॅटरी फुकट बदलून हवी" असं म्हणा.

त्यानंतर सहाव्या दिवशी सर्व्हिस सेंटरचा फोन आला. नवी बॅटरी बसवली होती. पैसे शून्य. हिशेब जसाच्या तसा.

तिथंही काम झालं नसतं तर पुढची पायरी होती जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तिथं तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. ही पायरी आहे हे समोरच्याला माहीत असतं. आपल्यालाही माहीत आहे हे त्याला कळू द्यायचं, आवाज न चढवता.

वॉरंटी संपली असेल तर

बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, चपलेसारखी. साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरते. ती फुगली नसेल, नुसती लवकर संपत असेल, तर किती झिजली हे घरीच बघता येतं. विंडोजच्या लॅपटॉपवर खालच्या शोधायच्या जागी सी-एम-डी ही इंग्रजी अक्षरं टाका आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडते. तिच्यात लिहा: पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, आणि लगेच बॅटरीरिपोर्ट हा शब्द इंग्रजीत, सलग. एंटर दाबलं की कुठल्या फाइलमध्ये अहवाल ठेवला ते तिथंच दिसतं. त्या फाइलमध्ये दोन आकडे बघा. डिझाइन कॅपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावत होतं, आणि फुल चार्ज कॅपॅसिटी म्हणजे आता किती मावतं. पहिला आकडा ४१,००० आणि दुसरा २०,५०० असेल तर बॅटरी अर्धी उरली. मग बदलायचा विचार करा. पण फुगलेला लॅपटॉप या तपासणीसाठी चालू करू नका.

नवी घेताना आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची किंमत विचारा, मग बाहेर दोन ठिकाणी विचारा. जुन्या बॅटरीवर एक पार्ट नंबर असतो, नवीवर तोच हवा. व्होल्टचा आकडा जुळायला हवा. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळतं. ओरिजिनल असं नुसतं स्टिकर कोणीही छापतं.

वापरलेली, दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली बॅटरी स्वस्त मिळते. घेऊ नका. डोळ्यांदेखत बसवून घ्या, बिल घ्या, आणि किती महिन्यांची वॉरंटी ते बिलावरच लिहून घ्या.

जुनी बॅटरी कुठं टाकायची

उकिरड्यावर नाही, विहिरीत नाही, चुलीत तर नाहीच. भंगारवाल्यालाही देऊ नका. तो हातोड्याने फोडतो, आणि बहुतेक वेळा त्याचं पोर शेजारी बसलेलं असतं. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ साली आले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या कंपन्यांची आहे. म्हणून जुनी बॅटरी सर्व्हिस सेंटरवरच जमा करा. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, त्याचा अर्थ हाच, की घरच्या कचऱ्यात टाकू नका.

आम्ही आता काय करतो

लॅपटॉप पत्र्याखालून काढून शाळेजवळच्या स्लॅबच्या खोलीत नेला. तो गोधडीवर, उशीवर ठेवून वापरत नाही, कारण त्याची हवा जायची भोकं झाकली जातात. चार्जर त्याच्याच कंपनीचा वापरतो. आमच्या लॅपटॉपमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय निघाली, ती लेखापाल ताईने चालू केली. तुमच्याकडे आहे का ते सर्व्हिस सेंटरला विचारा. आठ-पंधरा दिवस वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज ठेवून बंद करतो, पूर्ण भरून नाही.

दर महिन्याच्या बैठकीत आता तीन प्रश्न ठरलेले आहेत. लॅपटॉप फरशीवर सपाट बसतो का? पेनड्राइव्हवर प्रत काढली का, आणि ती पेनड्राइव्ह दुसऱ्या घरात ठेवली का? बिल आणि वॉरंटी कार्ड फाइलमध्ये आहे का? तिन्हीची उत्तरं इतिवृत्तात लिहितो, खाली सही करतो.

चौथी गोष्ट आम्ही ठरावच केला. ग्रामसंघाची वस्तू बिघडली तर आधी चौकशी, मग खर्चाचा विचार. जी बाई काम करते तिच्याच हातात वस्तू असते, म्हणून बिघडल्यावर बोट तिच्याकडेच जातं. बिघाड सगळ्यात आधी तिलाच दिसतो. तिने सांगितल्यावर तिलाच धरलं, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही. आणि न सांगितलेली फुगलेली बॅटरी कुलपाआड पेटली, तर ती आपल्या सगळ्यांचं घर जाळील.

लेखापाल ताई आजही आमच्याबरोबर इथं आली आहे. माइकवर बोल म्हटलं तर लाजली. तेवढं सांगा म्हणाली, की फोटो काढून ठेवा.

तर मैत्रिणींनो, हे ऐकून झालं की घरातला मोबाइल आणि गटाचा लॅपटॉप एकदा फरशीवर ठेवून बघा. डुगडुगला तर चार्जर काढा आणि बिल शोधा. पुढच्या वेळी शेवग्याच्या शेंगांचा भाव घेऊन येतो. रामराम.